चोवीस तासांत गेलेला विंगर: एका संघाचा निर्णय आणि त्याच्या चाहत्यांचा वाद

प्रकरण थोडक्यात

हॉकी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर हिरवे टर्फ आणि खडकीचे धनराज पिल्ले उभे राहतात. हे प्रकरण मात्र बर्फावरच्या हॉकीतले आहे, आणि ते कोणत्याही सामन्यात घडलेले नाही, तर संघाच्या कचेरीत घडले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नॅशव्हिल प्रेडेटर्स या अमेरिकी संघाने ईली टोल्वानेन या तेवीस वर्षांच्या फिनिश विंगरला (कडेने चढाई करणाऱ्या आक्रमकाला) ‘वेव्हर्स’वर ठेवले, म्हणजेच एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) या लीगमधल्या इतर सर्व संघांना तो विनामोबदला उचलण्याची संधी दिली. दुसऱ्या दिवशी सिएटल क्रॅकन या संघाने त्याला उचलले. नॅशव्हिलच्या हाती ना दुसरा खेळाडू आला, ना ड्राफ्टमधली, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेतली, एखादी निवड. उरलेल्या हंगामात त्याच खेळाडूने सिएटलकडून ४८ सामन्यांत १६ गोल केले, आणि नॅशव्हिलच्या चाहत्यांमध्ये या निर्णयावरून दोन तट पडले.

खेळाडू, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक यांची नावे सार्वजनिक नोंदीतली असल्यामुळे ती येथे दिली आहेत. चाहत्यांची मते मात्र कोणा एकाच्या नावावर न टाकता, त्यांच्यामागचा युक्तिवाद तेवढा मांडला आहे.

पार्श्वभूमी

टोल्वानेनचा जन्म १९९९ सालचा, फिनलंडमधल्या विहती गावचा. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये नॅशव्हिलने त्याला पहिल्या फेरीत, ३० व्या क्रमांकावर निवडले. संघ नुकताच स्टॅन्ली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत पिट्सबर्गकडून हरला होता, आणि इतक्या खालच्या क्रमांकावर एवढा जोरदार फटका असलेला मुलगा मिळाला याचे शहरात कौतुक झाले. पुढच्या वर्षभरात त्या कौतुकाचे रूपांतर मोठ्या अपेक्षेत झाले. हेलसिंकीच्या योकेरित संघाकडून रशियाप्रधान केएचएल लीगमध्ये त्याने ४९ सामन्यांत १९ गोल केले, आणि २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये फिनलंडकडून पाच सामन्यांत नऊ गुण मिळवले, तेही वयाच्या अठराव्या वर्षी. (या खेळात गोल करणाऱ्याला एक आणि त्या गोलासाठी पास देणाऱ्यालाही एक गुण मिळतो.)

एनएचएलमध्ये मात्र गाडी अडखळतच चालली. पहिल्या दोन हंगामांत मिळून त्याच्या वाट्याला सात सामने आले. २०१९-२० हा पूर्ण हंगाम त्याने नॅशव्हिलच्या दुय्यम संघाकडून, मिलवॉकी अ‍ॅडमिरल्सकडून काढला. करोनामुळे छोट्या झालेल्या २०२०-२१ च्या हंगामात त्याने ४० सामन्यांत ११ गोल केले, तेव्हा आता तो रुळला असे सर्वांना वाटले. संघाने त्याच्याशी तीन वर्षांचा, वर्षाला १४.५ लाख डॉलरचा करार केला. पुढच्या हंगामात तो ७५ सामने खेळला आणि गोल पुन्हा अकराच झाले. सामने जवळजवळ दुप्पट आणि गोल तेवढेच, हा आकडा त्याच्या विरोधात सर्वाधिक वेळा पुढे केला गेला, आणि तो चुकीचा नव्हता.

दुसरी पार्श्वभूमी चाहत्यांच्या मनातली होती. २०१९ च्या फेब्रुवारीत नॅशव्हिलने आपल्याच ड्राफ्टमधला केव्हिन फियाला हा विंगर मिनेसोटाला देऊन मिकाएल ग्रानलुंडला आणले होते. फियालाने २०२१-२२ मध्ये मिनेसोटाकडून ३३ गोल आणि एकूण ८५ गुण केले. आपल्याकडे तरुण आक्रमक खेळाडू फुलत नाहीत आणि दुसऱ्या अंगणात गेले की बहरतात, ही तक्रार त्यामुळे आधीपासून तयारच होती, आणि टोल्वानेन नेमका त्या तक्रारीत बसणारा खेळाडू होता. गंमत अशी की ज्या फिलिप फोर्सबर्गवर हे शहर जीव टाकते, तोही असाच आलेला आहे. २०१३ साली वॉशिंग्टनने मार्टिन एराट आणि मायकेल लाटा या दोघांच्या बदल्यात हा अठरा वर्षांचा मुलगा नॅशव्हिलला देऊन टाकला होता, आणि तो व्यवहार करणारे महाव्यवस्थापक डेव्हिड पॉईल हेच २०२२ मध्येही त्या खुर्चीवर होते.

वेव्हर्सचा नियम

हा नियम नीट समजल्याशिवाय निर्णयाचे वजन कळत नाही. एनएचएल संघाच्या मुख्य यादीत जास्तीत जास्त २३ खेळाडू ठेवता येतात. नवोदित खेळाडूला काही वर्षे किंवा ठरावीक सामने होईपर्यंत दुय्यम संघात मुक्तपणे खाली-वर करता येते, परंतु ती सवलत संपली की त्याला खाली पाठवण्याआधी चोवीस तास वेव्हर्सवर ठेवावे लागते. त्या चोवीस तासांत कोणताही संघ त्याच्यावर हक्क सांगू शकतो. एकाहून अधिक संघांनी सांगितला, तर गुणतक्त्यात जो खाली असेल त्याला तो मिळतो. उचलणाऱ्याला करार जसाच्या तसा स्वीकारावा लागतो, आणि त्याला परत वेव्हर्सवर न ठेवता खाली पाठवता येत नाही. कोणीच हक्क सांगितला नाही, तर मूळ संघ त्याला निर्धास्तपणे दुय्यम संघात धाडतो.

बड्या संघांनी गुणी तरुणांना वर्षानुवर्षे खालच्या संघात दडपून ठेवू नये हा नियमाचा हेतू आहे, आणि या प्रकरणात तो हेतू अक्षरशः सफल झाला. फक्त ते पाहायला नॅशव्हिलच्या चाहत्यांना आवडले नाही.

समस्या

२०२२ च्या उन्हाळ्यात नॅशव्हिलने जिंकण्यासाठी हात सैल सोडला होता. फोर्सबर्गला वर्षाला ८५ लाख डॉलर देऊन आठ वर्षांसाठी बांधून घेतले, टॅम्पाहून रायन मॅकडॉना हा अनुभवी बचावपटू आणला, आणि नीनो नीडरराइटर या विंगरला दोन वर्षांसाठी करारबद्ध केले. हे तिसरे पाऊल टोल्वानेनच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. वरच्या दोन फळ्यांमध्ये (एकत्र उतरणाऱ्या आक्रमकांच्या गटांमध्ये) विंगरची एक जागा कमी झाली आणि पॉवर प्लेमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, फटका मारण्याच्या जागेसाठी आणखी एक दावेदार आला.

हंगाम सुरू झाल्यावर संघ गोलांसाठी झगडत होता, आणि तरीही प्रशिक्षक जॉन हाइन्स टोल्वानेनला तंदुरुस्त असूनही अनेकदा बाहेर बसवत होते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो फक्त १३ सामने खेळला होता आणि त्यात त्याचे दोन गोल होते. खालच्या फळ्यांमधल्या खेळाडूकडून प्रशिक्षक पक (बर्फावर चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती) परत मिळवणे, भिडणे आणि आपल्या गोलाजवळ चूक न करणे यांची अपेक्षा करतात. टोल्वानेनचे मूळ भांडवल होते पक येताच क्षणात सुटणारा फटका. गोल करायची जागा मिळाली नाही की असा खेळाडू सामान्य दिसतो, आणि सामान्य दिसला की त्याला ती जागा मिळत नाही. या चक्रात अडकलेला तो पहिला तरुण नव्हे.

त्यात यादीतली गर्दी होती. फिलिप टोमासिनोने आदल्या हंगामात ३२ गुण केले होते, तरी त्याला हंगामाच्या सुरुवातीला मिलवॉकीला पाठवले गेले, कारण त्याला वेव्हर्समधून सूट होती. टोल्वानेनहून जास्त गुण केलेला मुलगा खाली आणि कमी खेळवला जाणारा टोल्वानेन वर, अशी ही विचित्र मांडणी केवळ त्या सूटीमुळे टिकून होती. नोव्हेंबरमध्ये युसो पार्सिनेन हा सातव्या फेरीत निवडलेला फिनिश खेळाडू वर आला, त्याने पहिल्याच सामन्यात गोल केला आणि संघात जागा धरली.

विचारात घेण्याजोगे पर्याय

पहिला पर्याय होता त्याला यादीत ठेवून बाहेर बसवत राहण्याचा. करार स्वस्त होता, त्यामुळे पैशाचा ताण नव्हता. परंतु न खेळणाऱ्या खेळाडूची किंमत दर आठवड्याला घटते, आणि २३ पैकी एक जागा अडून राहते.

दुसरा पर्याय त्याला सलग खेळवण्याचा, आणि तोही पॉवर प्लेमध्ये. यात धोका सामन्यांच्या निकालाचा होता. ज्या प्रशिक्षकाला दर आठवड्याचा निकाल दाखवावा लागतो, त्याला हा प्रयोग महाग वाटणे स्वाभाविक आहे. महाव्यवस्थापकाचे हित मात्र येथे वेगळे होते, कारण दहा सामन्यांत त्याने चार गोल केले असते तर विकण्याजोगी वस्तू तयार झाली असती, आणि काहीच केले नसते तर निदान शंका फिटली असती. एकाच प्रश्नाकडे प्रशिक्षक आठवड्याच्या आणि महाव्यवस्थापक वर्षाच्या हिशेबाने पाहतो, ही या पेशातली जुनी ओढाताण आहे.

तिसरा पर्याय व्यवहाराचा होता. डिसेंबरमध्ये त्याचे मोल पाचव्या-सहाव्या फेरीतल्या निवडीपलीकडे गेले नसते, हे वेव्हर्सच्या निकालावरूनच काढता येते. चौथा पर्याय वेव्हर्सचा. तो कोणी उचलला नाही तर मिलवॉकीत खेळून सूर सापडेल, आणि तिथे पाठवल्यावरही त्याच्या पगारातले सुमारे सव्वातीन लाख डॉलर सोडले तर उरलेली रक्कम संघाच्या पगारमर्यादेच्या, म्हणजे पगारांवरच्या कमाल खर्चाच्या, हिशेबातून सुटली असती. उचलला गेला, तर खेळाडू गेला. नॅशव्हिलने हा चौथा पर्याय निवडला.

काय घडले

सिएटल हा तेव्हा लीगमधला बत्तिसावा आणि सर्वांत नवा संघ होता. पहिल्या हंगामात त्याने ८२ सामन्यांत अवघे ६० गुण मिळवले होते (संघाचे गुण खेळाडूच्या गुणांहून वेगळे, ते सामन्यांच्या निकालांवर मिळतात). दुसऱ्या हंगामात मात्र महाव्यवस्थापक रॉन फ्रान्सिस यांनी इतरांना नकोशा झालेल्या फटकेबाजांची मोट बांधली होती. ऑलिव्हर ब्योर्कस्ट्रांड हा चांगला विंगर कोलंबसकडून तिसऱ्या आणि चौथ्या फेरीतल्या निवडींवर मिळाला होता, आणि डॅनियल स्प्राँग तर सरावशिबिरात चाचणीसाठी आलेला खेळाडू होता. टोल्वानेन त्याच ओळीतला तिसरा.

तो लगेच खेळला नाही. १ जानेवारी २०२३ रोजी न्यूयॉर्क आयलंडर्सविरुद्ध त्याला पहिल्यांदा उतरवले गेले आणि त्याने गोल केला. प्रशिक्षक डेव्ह हॅकस्टॉल यांनी त्याला यानी गोर्ड आणि ब्योर्कस्ट्रांड यांच्यासोबत तिसऱ्या फळीत जोडले. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण चाहत्यांच्या वादात हा मुद्दा बहुतेक वेळा निसटतो. सिएटलनेही त्याला तिसऱ्याच फळीत ठेवले. फरक सोबत्यांचा होता. गोर्ड हा टॅम्पाकडून दोन स्टॅन्ली कप जिंकलेला, पकसाठी जीव तोडून धावणारा सेंटर, म्हणजे फळीतला मधला आक्रमक. पक परत मिळवण्याचे जे काम नॅशव्हिलमध्ये टोल्वानेनकडून अपेक्षित होते, ते येथे गोर्ड करत होता, आणि टोल्वानेनला त्याचे स्वतःचे काम करायला मोकळीक होती.

हंगामाअखेर सिएटलचे १०० गुण झाले. १८ एप्रिल २०२३ रोजी डेन्व्हरमध्ये गतविजेत्या कोलोरॅडोविरुद्ध सिएटलच्या इतिहासातला प्लेऑफमधला (हंगामानंतरच्या बादफेरीतला) पहिला गोल टोल्वानेनने केला. सात सामन्यांत ती मालिका सिएटलने जिंकली. नॅशव्हिल ९२ गुणांवर थांबला आणि तीन गुणांनी प्लेऑफला मुकला.

चाहत्यांचा वाद

एका गटाचे म्हणणे सरळ होते. संघाला गोल हवे होते, गोल करणारा मुलगा घरात होता, त्याला संधी न देता फुकट घालवला आणि तीन गुण कमी पडले. या युक्तिवादाची भावनिक पकड मोठी आहे, परंतु शेवटची उडी टिकत नाही. सिएटलचे १६ गोल उचलून नॅशव्हिलच्या खात्यात मांडता येत नाहीत, कारण ते ज्या फळीत झाले ती फळी नॅशव्हिलकडे नव्हती. शिवाय त्या हंगामात नॅशव्हिलचे फोर्सबर्ग, रोमन योसी आणि रायन योहान्सन हे प्रमुख खेळाडू दुखापतींमुळे बाहेर गेले, आणि व्यवहारांच्या अंतिम मुदतीपूर्वी पॉईल यांनी एकहोम, जीनो, ग्रानलुंड आणि ज्याच्यामुळे टोल्वानेनची जागा आकसली तो नीडरराइटर, असे चौघे विकून टाकले. इतके सगळे होऊन तीन गुण कमी पडले, तर ते एका विंगरच्या नावे लिहिणे हिशेबात बसत नाही.

दुसऱ्या गटाने वेव्हर्सच्या क्रमाकडे बोट दाखवले, आणि माझ्या मते या संपूर्ण वादातला सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे. त्या दिवशी सिएटल गुणतक्त्याच्या वरच्या अर्ध्यात होता. म्हणजे त्याच्यापर्यंत पाळी येण्याआधी निम्म्याहून अधिक लीगने, आणि त्यातही गोलांसाठी सर्वाधिक भुकेल्या असलेल्या तळाच्या संघांनी, टोल्वानेनला फुकटातही नको म्हटले होते. नॅशव्हिलचे चुकले असेल, तर त्यांचेही चुकले. नंतर दिसलेल्या निकालावरून आधीच्या निर्णयाला मूर्ख ठरवणे सोपे असते, एवढा या गटाचा आक्षेप ग्राह्य धरावा लागतो.

परंतु हाच गट पुढे जाऊन म्हणतो की म्हणून निर्णय बरोबर होता, आणि तिथे माझे त्यांच्याशी पटत नाही. बाकीच्या संघांनी टोल्वानेनला महिनोन्‌महिने सरावात पाहिले नव्हते, नॅशव्हिलने साडेपाच वर्षे पाहिले होते. जेवढी माहिती बाहेरच्याला असते तेवढ्यावरच घरच्याने निर्णय घेतला, तर ड्राफ्ट करून, मिलवॉकीत वाढवून, प्रशिक्षक नेमून मिळवलेले जास्तीचे ज्ञान गेले कुठे, हा प्रश्न उरतो. त्याचा फटका कोणत्या जागेवरून चालतो हे नॅशव्हिलला २०२०-२१ पासून माहीत होते.

तिसरे, शांत स्वरातले म्हणणे असे की खेळाडूला जागाबदल हवाच होता, त्यामुळे कोणाचीच चूक नाही. ते खरेही असू शकते, परंतु जागाबदलाला किंमत लावून विकणे हे महाव्यवस्थापकाचे कामच असते.

निर्णयाचे टप्पे आणि काय वेगळे करता आले असते

वाद ११ डिसेंबरभोवती फिरत राहिला असला, तरी त्या तारखेला नॅशव्हिलच्या हातात फारसे काही उरले नव्हते. खरा टप्पा त्याआधी पाच महिने येऊन गेला होता. जुलै २०२२ मध्ये नीडरराइटरशी करार करताना टोल्वानेनची जागा आकसणार हे कागदावर दिसत होते. त्या क्षणी तो आदल्या हंगामात ७५ सामने खेळलेला, पहिल्या फेरीतला, स्वस्त करार असलेला तेवीस वर्षांचा खेळाडू होता, आणि अशा वर्णनाला बाजारात किंमत असते. बाहेर बसवल्या जाणाऱ्या त्याच खेळाडूला डिसेंबरमध्ये ती उरली नाही. नवा विंगर घ्यायचा तर जुना त्याच आठवड्यात विकायचा, नाहीतर जुन्यासाठी जागा राखून ठेवायची. दोन्ही न करण्याचा खर्च डिसेंबरमध्ये दिसला, इतकेच.

दुसरा टप्पा ऑक्टोबरचा. सरावशिबिरे संपताना सर्व संघ एकदम २३ वर येतात, वेव्हर्सची यादी लांबलचक असते आणि प्रत्येकाची स्वतःची यादी भरलेली असते. अशा गर्दीत एखादे नाव निसटून जाण्याची शक्यता अधिक. डिसेंबरमध्ये रोज एखाददुसरेच नाव येते आणि इतर नावांत न हरवता ते पाहिले जाते. त्याला मिलवॉकीत ठेवण्याची इच्छा असती, तर वेळ तेव्हाची होती.

नोव्हेंबरमधल्या दहा सामन्यांच्या चाचणीचा मुद्दा वर आलाच आहे. ती न होण्याचे कारण टोल्वानेनपेक्षा नॅशव्हिलच्या कारभाराच्या घडणीत सापडते. कोण खेळणार हे प्रशिक्षक ठरवत होता आणि त्याचा तोटा महाव्यवस्थापकाच्या खात्यात जमा होत होता. पुढच्या मे महिन्यात हाइन्स यांना पदावरून दूर केले गेले, आणि पॉईल यांनी निवृत्ती आधीच जाहीर केली होती. संघ नवे महाव्यवस्थापक बॅरी ट्रॉट्झ यांच्या हाती गेला.

जाता जाता टोमासिनोबद्दल. सूट होती म्हणून सांभाळून ठेवलेला तो खेळाडूही नोव्हेंबर २०२४ मध्ये चौथ्या फेरीतल्या एका निवडीवर पिट्सबर्गला गेला. वेव्हर्सचा नियम कोणाला गमवायचे याचा क्रम लावतो, कोण चांगला निघेल हे सांगत नाही.

नेमके किती गमावले

चाहत्यांच्या वादात ‘तो अजून आपला असता’ हे वाक्य अनेकदा येते, म्हणून हिशेब मांडून पाहावा. जो करार सिएटलला आयता मिळाला, त्याची मुदत २०२३-२४ च्या हंगामाअखेर संपत होती. त्या दीड हंगामात टोल्वानेन १२९ सामने खेळला आणि त्याने ३२ गोल केले, वर्षाला १४.५ लाख डॉलरमध्ये. नॅशव्हिलने फुकट घालवले ते एवढेच, आणि ते कमी नाही. दुसऱ्या हंगामात सिएटल मात्र प्लेऑफबाहेर राहिला आणि नॅशव्हिल त्याच्याविना ९९ गुणांसह आत गेला. २०२४ च्या उन्हाळ्यात नव्या कराराची वेळ आली, तेव्हा सिएटलला त्याच खेळाडूसाठी दोन वर्षांकरिता वर्षाला ३४.७५ लाख डॉलर मोजावे लागले. त्यापुढचे गोल सिएटलने विकत घेतलेले आहेत, आणि तेवढे पैसे मोजायला नॅशव्हिल तयार झाले असते का, हा स्वतंत्र निर्णय ठरला असता.